दुधाळ ग्लास

बंद पडलेल्या त्या थिएटरात सिनेमा चालू होता तेव्हासुद्धा कधी एवढी गर्दी झाली नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, बाल्कनीतले लोक कठड्यावरून खाली वाकले, आणि ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते दारात उभे राहून पुढच्यांच्या माना बघत राहिले. सगळे खोकत होते. ज्यांना खोकला नव्हता तेही शेजारच्याचा ऐकून खोकत होते, उगाच आपण मागे राहायला नको म्हणून.

स्टेजवर श्वासमहाराज बसले होते. पांढरा झगा, पांढरी दाढी, पांढरे बूट आणि मिटलेले डोळे. समोरच्या टेबलावर काचेचे ग्लास मांडलेले, आणि मागे स्टीलचे दोन जग घेऊन एक धिप्पाड शिष्य उभा.

"फुप्फुस म्हणजे काय?" महाराज माइकमध्ये कुजबुजले. "फुप्फुस म्हणजे देहाचा माळा. आपण काय करतो? नको ते सगळं माळ्यावर टाकतो. राग टाकतो, मत्सर टाकतो, सासूचे टोमणे टाकतो. मग डॉक्टर येतात आणि मशीन लावून माळ्याचा फोटो काढतात. मला सांगा, फोटो काढून कुणाचा माळा झाडून झालाय का?"

हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. सुनांच्या बाजूने जरा जास्त.

"मी विज्ञानाचा आदर करतो. विज्ञान बिचारं दमलं की मी सुरू होतो. हे बघा, हे क्वांटम-शुद्ध पाणी. निरोगी श्वासाला हे पाणी शिवत नाही आणि रोगी श्वासाला सोडत नाही." महाराजांनी एक ग्लास उचलला, त्यात नळी घातली आणि फुंकर मारली. बुडबुडे आले, पाणी नितळच राहिलं. "आता त्या सरांना वर आणा."

दुसऱ्या रांगेत काकू बसल्या होत्या. ते सर म्हणजे त्यांचा नवरा. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते, तेव्हा आपणही काकूच म्हणू. सर म्हणजे इथल्या शाळेतले निवृत्त विज्ञान शिक्षक, निम्मं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं. अशा माणसाला धाकट्या भावाने, म्हणजे काकूंच्या दिराने, दंडाला धरून स्टेजवर चढवलं. चार पायऱ्या चढताना सर दोनदा थांबले. शिष्याने डाव्या हातातल्या जगातून नवा ग्लास भरला. सरांनी नळी तोंडात धरली आणि होती नव्हती तेवढी हवा सोडली.

पाणी आधी धुरकट झालं, मग चक्क पांढरं.

सबंध थिएटरने श्वास आत घेतला. "निघालं," महाराज म्हणाले, "वर्षानुवर्षांचं साचलेलं निघालं. ही पुडी रोज सकाळी घ्या. पाणी नितळ होईल त्या दिवशी तुम्ही मुक्त." दिराने खाली बघून वहिनीला अंगठा दाखवला. काकूंनी तोंड फिरवलं. पण खरं सांगायचं तर त्यांनाही त्या क्षणी महाराज खोटे वाटले नव्हते. डोळ्यांदेखत पांढरं झालेलं पाणी नाही कसं म्हणायचं?

सरांचं दुखणं होतंच तसं विचित्र. संध्याकाळी ताप, वजन उतरत चाललेलं, आणि दम असा की शर्टाची बटणं लावून झाली की खुर्चीत बसायचे. एका डॉक्टरने दमा म्हणून पंप दिला. दुसऱ्याने न्यूमोनिया म्हणून गोळ्यांचा मारा केला. क्षयाची तपासणी झाली, त्यातही काही निघालं नाही. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या छातीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी मशीनमधून फोटो काढला, तर फुप्फुसं स्वच्छ. बोटाला चिमटा लावला, तर रक्तातला ऑक्सिजन कमी. डॉक्टरबाई बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला काय झालंय ते मला अजून माहीत नाही. पण शोधावं लागेल."

झालं. बाहेर आल्याबरोबर दीर म्हणाले, "वहिनी, एवढं शिकून बाई म्हणते माहीत नाही. मग फी कसली घेते, विचार करण्याची?"

त्या मानाने महाराजांना पाच मिनिटांत सगळं माहीत होतं.

आणि पुडीने गुण आला, हे तर कुणीच नाकारू शकत नव्हतं. ताप गेला. सर दोन वेळा पोटभर जेवू लागले, पेपर मोठ्याने वाचू लागले, दिवाणखान्यातून गॅलरीपर्यंत न थांबता जाऊ लागले. चेहरा भरून आला, गाल गोल झाले. "तेज आलंय," दीर म्हणाले. पुढच्या खेपेला ग्लासातलं पाणी नुसतं धुरकट झालं. आता एकच खेप राहिली होती, मुक्तीची. महाराजांनी निरोप धाडला होता की सरांनी त्या दिवशी माइकवरून दोन शब्द बोलावेत. विज्ञानाचा माणूस साक्षीला उभा राहिला म्हणजे बाकीच्यांच्या शंका आपोआप फिटतात.

अशात डॉक्टरबाईंचा फोन आला, तपासणीला या म्हणून. काकूंनी सरांना ओढतच नेलं. बाईंनी सरांचा गोल चेहरा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. रक्त तपासलं, साखर वाढलेली.

"सर, दुसरं काही औषध घेताय का?"

"आयुष्यात पहिल्यांदा औषध घेतोय," सर म्हणाले. "आधी नुसत्या गोळ्या खात होतो."

काकूंनी पर्समधून पुडी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उघडून बघितली, चिमूटभर पूड तपासायला ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "यात स्टिरॉइड असावं असा मला संशय आहे. मनानं एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं, कशी कमी करायची ते मी सांगते. पण मला तुमच्या मांडीची आणि पोटाची कातडी हवी आहे. अगदी लहान तुकडे, जागा बधिर करून."

सर हसले. हसताना दम लागला म्हणून अर्ध्यात थांबले. "दम लागतो छातीत, आणि तुम्ही कातडं काढणार मांडीचं? तिथे काय झालंय?"

"काही नाही. चांगल्या दिसणाऱ्या कातडीचाच तुकडा हवाय."

"अगं चल," सर उठले. "माझा महाराज निदान छातीतून तरी बोलतो."

आता तुम्हीच सांगा, बाजू कुणाची खरी वाटेल? एकाने छातीतली हवा घेतली, पाण्यात सोडली, पाणी पांढरं झालं. शेंबड्या पोरालाही पटेल असा हिशेब. दुसरी म्हणते मांडी दाखवा. दारापाशी बाईंनी काकूंना थांबवलं. आवाज शांत होता, पण त्यांनी काकूंचा हात धरला होता. "काकू, मला शंका आहे ती एका वाईट आणि फार क्वचित होणाऱ्या आजाराची. चूक ठरले तर मला आनंदच आहे. पण बरोबर ठरले आणि आपण असेच थांबलो, तर सर हातातून जातील. त्यांना लवकर आणा."

काकूंना त्या रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्याला समजवावं तर कसं? चाळीस वर्षं ज्याने जगाला समजावलं त्याला?

सकाळी त्या दुधाचं रिकामं भांडं विसळत होत्या. नळाचं पाणी भांड्यात पडलं आणि पांढुरकं झालं. काकू बघत राहिल्या. दुधाळ, असा शब्द त्यांच्या मनात आला, आणि त्याच्या मागोमाग सबंध वाक्यच आलं, जसं पाठ केलेलं तसं. 'श्वास सोडला असता चुन्याची निवळी दुधाळ होते.'

हे वाक्य काकूंनी किती वेळा वाचलं होतं याला गणती नाही. परीक्षा झाली की सर पेपरांचे गठ्ठे घरी आणत. ते तपासत, काकू मार्कांची बेरीज करत, आणि सरांचे डोळे दुखायला लागले की उत्तरं मोठ्याने वाचूनही दाखवत. सातवीच्या पेपरात हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे कसं दाखवाल? आणि वर्गच्या वर्ग तेच वाक्य लिहून पैकीच्या पैकी मार्क घेऊन जाई. एकाने 'निवळी दूध होते' असं लिहिलं होतं. सरांनी त्याला अर्धा मार्क दिला होता आणि काकू दिवसभर हसत होत्या.

लिहिलं सगळ्यांनी. बघितलं मात्र कुणीच नव्हतं. शाळेत प्रयोगाचं कपाट होतं, त्यात नळ्या होत्या, बरण्या होत्या, आणि कपाटाला कुलूप होतं. काच फुटली तर जबाबदारी कुणाची, या एका प्रश्नापुढे विज्ञानाचं काही चालत नसे. दर वेळी नवा मुख्याध्यापक येई, किल्ली ताब्यात घेई, बरण्या मोजी आणि कुलूप पुन्हा लावी. मग सर फळ्यावर रंगीत खडूंनी प्रयोग काढत. इतका सुरेख, की दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीतून बघायला येत. फळ्यावरची निवळी दुधाळ करायला पांढरा खडू नुसता आडवा फिरवला की काम झालं.

काकूंनी हात पुसले आणि पायात चपला अडकवल्या. रंगाच्या दुकानातून भिंतीला लावायचा चुना आणला, बादलीत भिजवला, गाळ खाली बसू दिला. दुसऱ्या दिवशी वरचं नितळ पाणी अलगद ओतून फडक्यातून गाळून घेतलं. बघणाऱ्याला वाटावं प्यायचंच पाणी.

सरांना मुक्तीला न्यायला दीर नवा शर्ट घालून आले. काकूंनी टेबलावर ग्लास आणि सरबताच्या नळ्या मांडून ठेवल्या होत्या.

"जरा इथे फुंकून दाखवा," त्या सरांना म्हणाल्या. "तालीम समजा."

सरांनी फुंकलं. पाणी पांढरं झालं. सरांचा गोल चेहरा उतरला, ते खुर्चीत बसले.

"घरात फुंकायचं नसतं, वहिनी," दीर म्हणाले. "जागेचा परिणाम असतो."

"मग तुम्ही फुंका की. तुम्हाला तर शिंकसुद्धा येत नाही म्हणता."

दिरांनी मिशीवर हात फिरवला आणि जोरात फुंकर मारली. पाणी पांढरंफटक. सरांपेक्षाही पांढरं, कारण फुप्फुसं दणकट. दीर खाली बसले. घाम पुसत म्हणाले, "वहिनी, मला आतल्या आत किती दिवसांपासून असेल हो हे?"

काकूंनी तिसऱ्या ग्लासात स्वतः फुंकलं, तोही पांढरा. चौथ्यात दिरांच्या सायकलच्या पंपाची नळी बुडवली आणि दांडा वरखाली करायला लागल्या. बुडबुड्यांनी ग्लास उसळला, पाणी मात्र नितळ राहिलं. "हा बघा," त्या धापा टाकत म्हणाल्या, "सगळ्या घरात एकटा निरोगी हा पंप. आणि तुमचे महाराज. कारण ते साधं पाणी फुंकतात. त्या शिष्याच्या एका जगात निवळी, एका जगात पिण्याचं पाणी. नव्या माणसाला डावा जग, बरं करायचं असेल त्याला उजवा, आणि मधल्या खेपेला दोन्हींची मिसळ."

सर ग्लासांकडे बघत होते. त्यांनी एक ग्लास उचलून उजेडाकडे धरला.

"मी हे... आयुष्यभर शिकवलं," ते म्हणाले.

"शिकवलंत. बघितलं नव्हतंत."

"पण मला बरं वाटतंय, त्याचं काय?"

"ते त्या बाई सांगतील. त्यांनी सांगितलंय संशय कशाचा आहे. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत."

सरांनी चष्मा काढला. "मी घाबरलो होतो गं," ते हळूच म्हणाले. "ती म्हणाली, माहीत नाही. हा म्हणाला, माहीत आहे. मला माहीत आहे म्हणणारा माणूस हवा होता."

काकूंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आता उठा. तुमचं भाषण आहे ना?"

थिएटर पुन्हा तुडुंब. सर स्टेजवर पोचेपर्यंत पुडीचं सगळं तेज उतरलं होतं, पायऱ्यांवर ते तीनदा थांबले. टेबलामागे गल्लीतले टेलरकाका बसले होते, पहिल्या खेपेचे, नुसत्या सर्दीला भिऊन आलेले. शिष्याने त्यांच्यापुढे डाव्या जगातून ग्लास भरला, सरांपुढे उजव्या. महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, "आज एक विज्ञानाचा पंडित मुक्त होतोय. बोला सर."

सरांनी माइक हातात घेतला. "फुंकण्याआधी... एक विनंती. ग्लासांची अदलाबदल करू. माझा टेलरकाकांना द्या."

शिष्य पुढे धावला, पण काकूंनी सांगून ठेवलेले दीर त्याच्या आडवे उभे होते. टेलरकाकांनी बिचकत सरांचा ग्लास ओढला आणि फुंकलं. पाणी नितळ. टेलरकाका खूश. "मी बरा झालो? बसल्याबसल्या?"

"आणि तुमचा ग्लास... महाराजांनी फुंकावा," सर म्हणाले.

महाराजांचे डोळे उघडले. लोकांनी ते पहिल्यांदाच नीट बघितले असतील. "मी या वेळी मौनात असतो," महाराज म्हणाले.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "फुंका की महाराज, पाणीच आहे."

सर हॉलकडे वळले. समोर किराणावाला होता, पोस्टातल्या बाई होत्या, बँकेचे मॅनेजर होते, सगळे त्यांच्या बाकांवरून उठून गेलेले. सरांनी वर्गातला आवाज काढला. "सातवी. प्रश्न तिसरा. श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो... हे कसं दाखवाल? श्वास सोडला असता..."

पुढचं त्यांना बोलता येईना. दम संपला. ते टेबल धरून उभे राहिले.

आणि अख्ख्या थिएटरने, बाल्कनीसकट, त्यांचं वाक्य पुरं केलं. "चुन्याची निवळी दुधाळ होते!"

सवयच ती. म्हणून झाल्यावर लोक एकमेकांकडे बघू लागले. आपण काय बोललो ते एकेकाच्या लक्षात यायला लागलं. मॅनेजरसाहेबांनी मान खाली घातली, त्यांना या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते.

काकू स्टेजवर चढल्या, सरांना खुर्चीत बसवलं आणि टेलरकाकांचा ग्लास उचलून सगळ्यांसमोर फुंकला. पांढरा. "मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यातल्या कुणीही फुंकलं तरी हेच होणार, कारण जिवंत माणूस श्वास सोडतो. याच्यात रोग नाही, चुना आहे. सरांना मात्र खरंच काहीतरी झालंय, आणि या ग्लासापायी आम्ही एवढे दिवस घालवलेत."

"म्हणजे मला काही झालेलं नाही?" टेलरकाकांनी विचारलं.

"ते डॉक्टरला विचारा," सर खुर्चीतून म्हणाले. "ग्लासाला... काहीच कळत नाही."

महाराज मौनातून बाहेर आले तेव्हा श्रद्धा कमी पडली, ग्रह फिरले, शत्रूंनी पाणी बदललं अशी बरीच कारणं त्यांच्या तोंडून बाहेर पडली. पण बाजूच्या दाराकडे जाताना त्यांचे पांढरे बूट चांगलेच चपळ निघाले. तरीही चारपाच जण पुड्या मागत त्यांच्या मागे धावले, हेही सांगून ठेवायला हवं.

कातडीचे तुकडे दुसऱ्याच दिवशी काढले. पुडीत स्टिरॉइड निघालं. त्याने आजार झाकोळला असेल का, रोगाच्या पेशी सापडतील का, याची डॉक्टरबाईंना धास्ती होती, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण पोटाच्या कातडीत सापडल्या. रक्ताचा एक दुर्मिळ कॅन्सर. उपचार होते, कडक होते, आणि यश येण्याची आशा बरी असली तरी खात्री नव्हती. बाईंनी हे सगळं सरांना समोर बसून सांगितलं. सरांनी काकूंचा हात धरून ऐकलं आणि सही केली.

आता सर वॉर्डात असतात, हाताला सुई, डोक्यावरचे उरलेसुरले केसही गेलेले. पण परवा ऑक्सिजनची नळी काढली आणि ते खिडकीपर्यंत चालत गेले. शाळेचे नवे मुख्याध्यापक भेटायला आले होते. सरांनी त्यांची ख्यालीखुशाली विचारलीच नाही. "कपाट उघडलंत का?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, उघडलं, दोन नळ्या फुटल्या. "छान," सर म्हणाले.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको सगळं ऐकत असते. ती काकूंना म्हणाली, "छातीचा रोग पोटाच्या कातडीत शोधला म्हणे. फोटोत दिसेना, तो बाईंना तिथे दिसला. चमत्कारच म्हणायचा की."

काकू उत्तर देणार, तेवढ्यात डॉक्टरबाई फेरीला आल्या. सरांनी उशीवरून मान उचलली.

"चमत्कार आहे की नाही ते ओळखायची सोपी खूण आहे," ते शेजारच्या बाईंना म्हणाले. "कसं केलंत ते विचारा त्यांना."

बाई जरा बिचकल्या, पण त्यांनी विचारलं. डॉक्टर खाटेच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, या आजारात पेशींची गाठ होत नाही, म्हणून फोटोत काही येत नाही. त्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या आत दाटी करून बसतात. फुप्फुसातल्या वाहिन्या तुंबल्या की माणसाला दम लागतो. तशाच वाहिन्या कातडीखालीही असतात, आणि फुप्फुस कापण्यापेक्षा कातडीचा तुकडा घेणं कितीतरी सोपं. फोटो स्वच्छ, ऑक्सिजन कमी, ताप, आणि रक्तातला एक आकडा फार चढलेला, यावरून शंका आली. शंका खोटी ठरली असती तर दुसरीकडे शोधलं असतं. स्टिरॉइडने त्या पेशी थोडे दिवस दबतात, म्हणून सरांना मधे बरं वाटलं. एवढं सांगून त्यांनी कागदावर पेनाने वाहिनी काढून दाखवली, आणि बाईंना कळलं नाही ते पुन्हा सांगितलं.

"कळलं?" सरांनी विचारलं.

"कळलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे, बरंचसं."

"न कळलेलं उद्या परत विचारा, त्या परत सांगतील," सर म्हणाले आणि उशीवर टेकले. "महाराजांना मी एकदाही विचारलं नव्हतं."